वीतभरावरचा माइक

जगन्नाथला आवाजाची किळस यायची. कुणाला पालीची येते, कुणाला दुधावरच्या सायीची येते, तशी याला आवाजाची. लग्नात कर्णा लागला की हा पंगतीतून उठायचा. शेजारी ट्रान्झिस्टर खरखरला की याच्या कपाळाला आठ्या. पाहुणा बशीत चहा ओतून भुरकायला लागला की हा सरळ मागीलदारी विहिरीवर जाऊन बसायचा आणि पाहुणा गेल्यावर बायकोला विचारायचा, "गेला का तो?" जयवंती, म्हणजे त्याची बायको, सुरुवातीला पदर तोंडाला लावून हसायची. पुढे तिलाही वीट आला.

आता असा माणूस गास गावात, केळीच्या वाडीत जन्मला हे खरं, पण ही खोड त्याला वाडीनं लावली नव्हती. बावीस वर्षं त्यानं मुंबईच्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत काढली होती. तो गाणारा नव्हता, वाजवणारा नव्हता, काचेमागे बसून बटणं फिरवणारा साहेबही नव्हता. तो माइक लावणारा. स्टँड उचलायचा, वायर पसरायची, काम झालं की गुंडाळून ठेवायची. पण एखाद्या दिवशी गिटारवाला आला की काचेमागचे साहेब म्हणायचे, "जगन्नाथला बोलवा." कारण त्याची एक पद्धत होती. एक कान तळव्यानं बंद करायचा, दुसरा पुढे करायचा आणि वाजवणाऱ्याभोवती कंबरेत वाकून फिरायचं. तार आणि लाकूड दोन्ही सारखी ऐकू येतात अशी एक जागा असते. ती सापडली की तिथून कान काढायचा आणि तिथंच माइक ठेवायचा. ही जागा गिटारच्या भोकासमोर कधी नसते. तिथं नुसता ढब्ब आवाज येतो, रिकाम्या पिंपावर थाप मारावी तसा. ती असते गिटारची मान जिथं पोटाला जोडलेली असते तिथं समोर, वीतभर अंतरावर, जरा तिरपी. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्यानंही ते कुणाला फुकट सांगितलं नाही.

एकोणऐंशी साली तो स्टुडिओ बंद पडला. जगन्नाथनं जाळी चेपलेला एक जुना माइक साहेबांकडून मागून घेतला, पिशवीत घातला आणि घरी येऊन राजेळी केळी लावायला लागला. जयवंती सुकेळी करायची. पिकलेली राजेळी सोलून अंगणात मांडवावर वाळत घालायची आणि दिवसभर हातात काठी घेऊन कावळे हाकायचे, असं ते काम. कावळ्यांची काव काव, काठीची ठक ठक, वाड्यांमधल्या पंपांची घरघर. जगन्नाथचं तोंड तीन वर्षं कडू होतं.

त्या सगळ्या कलकलाटात त्याला एकच आवाज चालायचा. क्लेमेंटीनबाईंच्या गिटारचा.

क्लेमेंटीनबाई गावच्या शाळेत मास्तरीण. वय पंचावन्नच्या पुढे, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांचे वडील लग्नांत व्हायोलिन वाजवायचे, त्यांच्याकडूनच बाई मुलगी असताना गिटार शिकल्या. गल्लीच्या टोकाला त्यांचं घर. संध्याकाळी अंगणातल्या क्रुसापुढे दिवा लावून झाला की बाई ओट्यावर बसून थोडा वेळ वाजवायच्या. जगन्नाथ तेव्हा आपल्या कुंपणाशी उभा राहायचा. मान हलवायचा नाही, वाहवा म्हणायचा नाही. नाक मुरडायचा नाही, एवढंच. जयवंतीच्या मते ही त्याच्याकडून फार मोठी शाबासकी होती.

ब्याऐंशीच्या फेब्रुवारीत बाई स्वतः त्याच्या दारात आल्या. हातात गिटार, काखेत मोठा टेपरेकॉर्डर. त्यांची मुलगी पॉलिन कुवेतला नर्स होती, तिनं तो पाठवला होता, सोबत तिथलीच एक भारीतली कॅसेट. पॉलिनला दिवस गेले होते. तिचं पत्र होतं की आई, तू मला निजवताना जी चाल वाजवायचीस, ती भरून पाठव. माझं बाळ त्याच चालीवर निजायला हवं.

"मग वाजवा आणि भरा," जगन्नाथ म्हणाला. "मशीनला माइक असतोच की."

"भरलं," बाई म्हणाल्या आणि बटण दाबून ऐकवलं. आतून घों घों आवाज आला. मशीनच्या मोटरचा, भिंतीवर आपटून परत आलेला, मध्येच कुत्रा. त्यानं हात पुढे करून मशीन बंद केलं.

"शी," तो म्हणाला. "हे बाळाला ऐकवणार? बाळ निजेल कसलं, आजारी पडेल."

बाई हसल्या. मग आपला डावा हात पुढे करून त्यांनी दाखवला. बोटांचे सांधे सुजून लाल झाले होते. सांधेवात. वसईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की पाऊस सुरू झाला, गारठा आला, की बोटं आखडतील आणि पुन्हा सुटतील याची खात्री नाही. पॉलिनची एक मैत्रीण सुट्टीवर गावाला आली होती, ती जूनच्या दहा तारखेला कुवेतला परत जाणार होती. तिच्या हाती कॅसेट द्यायची. "तेवढ्यात व्हायला पाहिजे, भाऊ," बाई म्हणाल्या. "परत काही मला वाजवता येईल असं वाटत नाही."

"चार महिने आहेत," जगन्नाथ म्हणाला. "मी चार दिवसांत देतो."

ही बातमी दोन दिवसांत शत्रुघ्नच्या कानावर गेली. शत्रुघ्न म्हणजे नालासोपाऱ्याचा लाउडस्पीकरवाला, लग्न, पूजा, निवडणूक, सगळीकडे कर्णे बांधणारा. तो सायकलवरून आला, अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, कशाला एवढा त्रास घेता? माझ्याकडे एकोचं मशीन आलंय. गिटारच्या भोकात माइक सोडतो, पाच मिनिटांत काम. असा घुमेल की चर्चमध्ये बसल्यासारखं वाटेल."

जगन्नाथनं त्याच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "भोकात माइक सोडतो म्हणे. तू विहिरीत पोहरा सोड. तुझ्यासारख्यांनीच लोकांचे कान नासवले. चल, निघ."

शत्रुघ्न बिचारा खांदे उडवून गेला. सांगायचं तर, तो काही वाईट मनानं आला नव्हता.

जगन्नाथ कामाला लागला. ओटीच्या आतली खोली त्यानं रिकामी केली. उघड्या भिंतीवर आवाज आपटतो म्हणून तीन भिंतींना गोधड्या टांगल्या आणि चौथीला पेंढ्याच्या जुड्या लावल्या. जयवंतीच्या जुन्या रेशमी साडीचा तुकडा कापून माइकच्या चेपलेल्या जाळीवर बांधला, ती साडी तिच्या लग्नातली होती हे त्याला नंतर कळलं, म्हणजे तिनं कळवलं. यातच मार्च उजाडला. वेळ ठरली रविवारी दुपारची. बाई चर्चमधून मिस्सा आटोपून आलेल्या, जेवण झालेलं, गाव झोपलेलं, पंप बंद.

पहिल्या रविवारी बाई स्टुलावर बसल्या. जगन्नाथनं एक कान दाबून त्यांच्याभोवती फेऱ्या घातल्या, वाकला, सरकला, पुन्हा वाकला. सुरुवातीची टेप ताणलेली असते म्हणून तेवढ्या भागात त्यानं नुसती चाचणी भरून घेतली. माइक मागे, माइक पुढे, जरा तिरका, वीत लावून बघ, चार सूर वाजवा, थांबा, पुन्हा वाजवा. मग मशीनच्या आकड्याच्या चाकावर चाळीस आल्यावर खरं काम सुरू केलं.

चाल जेमतेम चार मिनिटांची. शब्द नव्हतेच. बाईंनी वाजवली, जगन्नाथनं ऐकली, आणि दोन्ही हात कानांवर ठेवले. बाहेर कावळा ओरडला होता.

"पुसा," तो स्वतःलाच म्हणाला आणि टेप मागे नेली.

हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं. स्टुडिओत खराब टेक ठेवत नसत. टेप महाग, तीच पुन्हा वापरायची, आणि खराब काम कुणाच्या हाती लागायला नको. पॉलिननं पाठवलेली भारी कॅसेट एकच होती. बाजारातली आणून दुसरी वापरा असं जयवंतीनं सुचवलं, तेव्हा त्यानं एक आणवली, लावून ऐकली आणि आतून जी सूं सूं ऐकू आली तिच्यावर थुंकायचाच बाकी राहिला. तेव्हा तीच एक कॅसेट, त्याच एका जागी, चाळीसच्या आकड्यापासून पुढे. प्रत्येक टेक आधीच्याच्या अंगावर.

दुसऱ्या रविवारी जयवंतीला हुकूम झाला, कावळे हाकायचे नाहीत, काठीचा आवाज येतो. तिनं हाकले नाहीत. कावळ्यांनी निम्मी सुकेळी फस्त केली, आणि वर काव काव केलंच. पुसा. तिसऱ्या रविवारी स्टूल करकरलं. पुसा. चौथ्या रविवारी लांब कुठं तरी एस.टी.नं हॉर्न दिला, तो दुसऱ्या कुणालाच ऐकू आला नाही. पुसा.

आणि पाचव्या रविवारपासून त्याला एक वेगळीच गोष्ट खटकायला लागली. चालीत एक जागा होती, तिथं बाईंची बोटं वरून खाली लांब सरकायची. तिथं दर वेळी एक बारीक आवाज यायचा. तारेचा नव्हे, दातांतून हवा ओढल्यासारखा. स्स्. पहिल्या चाचणीतही तो होता, तेव्हा त्यानं एकदा टोकलंही होतं. आधी एकदा यायचा, आता तीनदा यायला लागला होता.

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही वाजवताना दातांतून आवाज काढता. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. वर्गातली पोरं चालवून घेत असतील, माइक नाही घेत."

"बरं, भाऊ," बाई म्हणाल्या. "सांभाळते."

स्टुडिओत त्यानं असे लोक पाहिले होते. कुणी पाय आपटायचा, कुणी वाजवता वाजवता घशात गुणगुणायचा, एक सतारिया तर प्रत्येक समेवर नाक ओढायचा. घाणेरड्या सवयी सगळ्या. सांगितलं की सुटतात. बाईंची मात्र सुटेना. सहाव्या रविवारी स्स्, सातव्या रविवारी स्स्. जगन्नाथला आता रात्री अंथरुणावरही तो आवाज ऐकू यायचा आणि अंगावर शहारा यायचा. एका रविवारी तो एवढा वैतागला की टेकच्या मध्येच ओरडला, "अहो तोंड बंद ठेवा ना! आवाज करू नका म्हणून किती वेळा सांगायचं?"

दारात उभी असलेली जयवंती ते ऐकून ओशाळली. बाईंसारख्या बाईला, जिनं आपल्या दोन्ही मुलांना बाराखडी शिकवली, तिला असं बोलायचं? पण बाईंनी गिटार मांडीवर आडवी केली, हात पदराखाली थोडा वेळ धरून ठेवला आणि म्हणाल्या, "पुन्हा घेऊ या."

मे महिना निम्मा झाला. गोधड्यांनी कोंडलेल्या त्या खोलीत घामाच्या धारा. अकराव्या रविवारी कावळे आले नाहीत, स्टूल करकरलं नाही, वाऱ्याचीही झुळूक नव्हती. बाईंनी डोळे मिटले, ओठ घट्ट मिटले आणि वाजवायला सुरुवात केली. आणि काय वाजवलं म्हणून सांगू. जयवंती हातातली परात तशीच धरून उभी राहिली. तिला आपली थोरली आठवली, तापात निजलेली, मांडीवर घेतलेली. चाल संपली तेव्हा तिच्या गालावरून पाणी येत होतं आणि परातीत पडत होतं.

जगन्नाथनं टेप मागे नेली आणि मशीनला कान लावून ऐकली. पहिलं मिनिट स्वच्छ. दुसरं स्वच्छ. तिसरं स्वच्छ. चौथ्यात, अगदी शेवटी, शेवटचा सूर विरत असताना, स्स्.

त्यानं बटणावर बोट ठेवलं.

"अहो," जयवंती म्हणाली, "राहू द्या की हा."

"घाण आहे ती."

"कसली घाण? मला तर काहीच ऐकू आलं नाही."

"तुला येणार नाही," तो म्हणाला. "मला येतंय. अर्धवट काम मी कुणाच्या हाती दिलेलं नाही, आता देणार नाही." आणि त्यानं पुसला. बाई पुढच्या रविवारी येते म्हणाल्या.

पुढच्या रविवारी गावच्या चर्चमध्ये लग्न होतं. त्याच्या पुढच्या रविवारी, सहा जूनला, बाई आल्या तेव्हा आकाश खाली उतरलं होतं आणि दोन दिवस आधीच गारठा सुटला होता. बाई स्टुलावर बसल्या, गिटार घेतली, बोटं तारांवर नेली. चौथं बोट वाकलं नाही. त्यांनी उजव्या हातानं ते धरून वाकवलं, तारेवर ठेवलं, हात काढला. बोट उठून सरळ झालं. तीनदा केलं त्यांनी असं.

"आज बोट ऐकत नाही, भाऊ," बाई म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, वर्गात एखादं पोर गैरहजर आहे असं सांगावं तसं.

जगन्नाथ उद्या बघू म्हणाला. सोमवारी तो गरम पाण्याची पिशवी घेऊन त्यांच्या घरी गेला. मंगळवारी कुणीतरी सांगितलेलं तेल घेऊन गेला. बुधवारी नुसताच गेला. बोटं आखडली ती आखडली.

गुरुवारी पॉलिनची मैत्रीण निघायची होती. बुधवारी संध्याकाळी बाई आणि जयवंती त्या खोलीत बसल्या आणि जगन्नाथनं कॅसेट पार सुरुवातीला नेऊन लावली. चाळीसच्या पुढे नुसती शांतता, अकराव्या टेकची पुसलेली जागा. पण चाळीसच्या आधीचा तुकडा होता. पहिल्या रविवारची चाचणी, जी त्यानं कधी मोजलीच नव्हती. चार सूर वाजले. मग एका पुरुषाचा चिरका, तुसडा आवाज: "थांबा. वीतभर मागे. अं हं, हलू नका. पुन्हा." चार सूर, स्स्. "ते दातांतून काय काढताय? पुन्हा." बाई हसल्याचा आवाज, मग चालीच्या पहिल्या दोन ओळी, स्स्, आणि पुन्हा तो आवाज: "शी. थांबा."

जगन्नाथनं आपला आवाज असा कधी ऐकलाच नव्हता. बावीस वर्षं दुसऱ्यांचे आवाज धरले, स्वतःचा नाही. ओकारी यावी असा आवाज होता तो. त्यानं पुसायला हात पुढे केला, तर बाईंनी आपला आखडलेला हात मशीनवर आडवा ठेवला.

"गिटार चांगली आली आहे," बाई म्हणाल्या. "जवळ बसून ऐकल्यासारखी. हेच जाऊ दे."

ते गेलं.

पॉलिनचं उत्तर सप्टेंबरात आलं. जगन्नाथ वाडीतून परत येत होता तेव्हा बाईंनी ओट्यावरून त्याला हाक मारली. पाकीट त्यांच्या मांडीवर होतं, फोडलेलं नव्हतं. आखडलेल्या बोटांनी त्यांच्यानं ते फोडवेना. "जरा वाचून दाखवता, भाऊ?"

त्यानं पाय धुतले, ओट्याच्या कडेला बसला, पाकीट फोडलं आणि वाचायला लागला. पॉलिनला मुलगी झाली होती. दोघी बऱ्या होत्या. कॅसेट मिळाली होती. मुलगी रडायला लागली की पॉलिन त्या दोन ओळी लावायची, पुन्हा मागे न्यायची, पुन्हा लावायची. त्याच्या पुढे लिहिलं होतं, आणि तिथं जगन्नाथ थांबला. ती ओळ त्यानं मनात वाचली. गाळली असती तर बाईंना कळणार नव्हतं, त्यांना चष्म्याशिवाय अक्षर दिसत नव्हतं. मग त्यानं ती मोठ्यानं वाचली.

"आई, तो माणूस कोण गं? तू कळवळलीस की तो तुझ्यावर खेकसतो. तुझ्या बोटांना किती दुखतंय ते मला इथं समुद्रापलीकडे ऐकू आलं, आणि त्याला वीतभरावरून ऐकू आलं नाही?"

गल्लीत कुणाच्या तरी घरी ट्रान्झिस्टर चालू होता. जगन्नाथला तो खरखरतोय हे कळलंच नाही.

"लहानपणापासून फटकळ आहे ती," बाई म्हणाल्या. "तुम्ही मनावर घेऊ नका."

"दुखत होतं?" त्यानं विचारलं.

"मग? दुखायचंच."

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवशी थोडं कमी."

"मग बोलला का नाहीत?" जगन्नाथ म्हणाला, आणि त्याचा आवाज त्या कॅसेटमधल्यासारखाच चिरका निघाला, आणि तो त्याला स्वतःलाच ऐकवेना.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर, असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"तुम्हीच म्हणाला होता ना, भाऊ," त्या म्हणाल्या, "आवाज करू नका." मग पत्राकडे मान करून म्हणाल्या, "पुढं वाचा. मुलीचं नाव काय ठेवलं?"